बघू, सांगते नंतर

परवा एका कबुतराला माझा राग आला.

खिडकीत घुमणारं साधंसुधं कबूतर नव्हे. हे खानदानी होतं. फ्रान्सशी नातं सांगणारं, पांढरंशुभ्र, लक्का जातीचं. नाव साकुया. शाळेत पहिल्याच भेटीत त्याने मला माझी पायरी दाखवून दिली. मग पडद्यावर उत्तरांचे पर्याय आले आणि मी आपल्या वळणाप्रमाणे त्यातलं सगळ्यात पडतं घेणारं उत्तर निवडलं. तेच त्याला लागलं. श्रीमंतांच्या मुलांशी नम्रपणे बोललं तरी पंचाईत.

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. दार उघडून हे आत डोकावले.

“अजून जागी? काय झालं?”

“साकुया रुसलाय.”

“कोण साकुया?”

“कबूतर.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाल्कनीच्या जाळीकडे पाहिलं. ती जाळी आम्ही नुकतीच चांगले पैसे मोजून बसवून घेतलीय, कबुतरं घरात येऊ नयेत म्हणून. “बरं,” म्हणाले आणि दार हळूच लोटून घेतलं. निवृत्तीनंतर माणसाचं असं काहीतरी होतं, हे त्यांनी कुठल्याशा पुरवणीत वाचलेलं असावं.

खेळाचं नाव ‘हातोफुल बॉयफ्रेंड’. हातो मोआ नावाच्या जपानी चित्रकर्तीने 2011 साली एक एप्रिलची थट्टा म्हणून तो केला, आणि लोकांना थट्टा इतकी आवडली की बाईंना पुरता खेळच करावा लागला. पक्ष्यांची शाळा आहे. तिथे आपण एकटीच मनुष्यप्राणी. राहायला गुहा. गणिताच्या तासाला बसायचं, व्यायामाच्या की संगीताच्या, हे ठरवायचं आणि वर्षभरात एखाद्या पक्ष्याशी सूत जुळवायचं. उमेदवार भरपूर. एकाला पुडिंगपलीकडे जगात काही दिसत नाही. वर्गशिक्षक आहेत ते लावा पक्षी, सदा पेंगुळलेले. आपल्या कवितांमधून चांदणं पिऊन जगणारा चकोर इथे शाळेचा डॉक्टर आहे, आणि त्याच्या खोलीत वरचेवर जाणं प्रकृतीला बरं नाही, एवढंच सांगते. कुणाशीच जमलं नाही तर शेवटी आपला जीवच जातो. माझ्या लग्नाच्या वेळी स्थळं बघणारी आत्या फार घायकुती होती असं मी इतकी वर्षं म्हणत आले. आता म्हणणार नाही.

हे सगळं भाच्यामुळे. “मावशी, रिटायर झालीस, तुझा वेळ जात नसेल,” असं म्हणून त्याने माझ्या लॅपटॉपवर असल्या खेळांची रास घालून दिली. आमच्याकडे निवृत्त बाईचा वेळ जात नाही, असा एक समज आहे. तो कुणी पसरवला माहीत नाही, पण तो बाईने पसरवलेला नाही.

ह्या प्रकाराला व्हिज्युअल नॉव्हेल म्हणतात. पडद्यावर एक चित्र उभं असतं. माणूस, शाळेचा कॉरिडॉर, एखादं चेरीचं झाड. खाली मजकूर येतो. वाचायचा, बटण दाबायचं, पुढचा वाचायचा. असं बराच वेळ चाललं की गोष्ट एकदम थांबते आणि तुम्हाला विचारते, आता काय करायचं? तुम्ही जे निवडाल तिकडे गोष्ट वळते. त्या वाटेला ‘रूट’ म्हणायचं. वाट चुकली की ‘बॅड एंड’. “तू खेळतेयस की वाचतेयस?” असं ह्यांनी सुरुवातीला विचारलं होतं. मी म्हटलं, “दोन्ही.” त्यावर ते म्हणाले, “म्हणजे एकही धड नाही.” त्यांचं हे मत एकंदर माझ्याविषयी आहे, खेळाविषयी नव्हे, हे मला माहीत आहे.

वाचायला माझी ना नाही. अडचण आहे ती ‘आता काय करायचं’ इथे. माझी हयात बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली, आणि त्या टेबलाचं वैशिष्ट्य असं की तिथे बसणाऱ्याने निर्णय घ्यायचा नसतो. कागद तपासायचे, दोन्ही बाजूंनी चार-चार वाक्यं लिहायची आणि ‘योग्य त्या निर्णयार्थ सादर’ असं म्हणून फाईल वर पाठवायची. वरचा साहेब ‘चर्चा करावी’ असं लिहून ती खाली पाठवतो. दोन-तीन फेऱ्यांत ज्याला कर्ज हवं असतं तो कुठूनतरी पैसे उभे करतो आणि प्रश्न सुटतो. ह्या पद्धतीवर देशाचा कारभार इतकी वर्षं चालला. पण ह्या खेळांमध्ये ‘वर पाठवा’ असं बटणच नाही.

घरीही माझं तेच. हॉटेलात मेन्यूकार्ड पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, आइस्क्रीमच्या जाहिरातीसकट वाचते आणि मसाला डोसा मागवते. साडीच्या दुकानात आवडलेल्या सगळ्या साड्या ‘जरा बाजूला काढून ठेवा, येतेच’ असं सांगून जी बाहेर पडते, ती पुढचे सहा महिने त्या रस्त्याने जात नाही. अशा बाईला यंत्र म्हणतं, ह्या मुलीचा जीव वाचवायचा की त्या मुलाचा, सांगा.

पण पहिला फटका बसला तो असल्या जीवनमरणाच्या प्रश्नावर नाही, चहावर. एका खेळात मी शेजाऱ्यांकडे गेले. शेजारीणबाईंनी चहा विचारला. मी अर्थातच ‘नको, कशाला उगाच’ ह्या अर्थाचा पर्याय निवडला. बाई “बरं” म्हणाल्या आणि विषय संपला. मी वाट बघत राहिले. दुसऱ्यांदा विचारणं नाही, “अहो, ठेवलाच आहे” नाही, “अर्धाच कप घ्या” नाही. पुढे कळलं की त्या चहाच्या टेबलावर त्या बाई नवऱ्याचं गुपित सांगणार होत्या आणि मी ती अख्खी वाटच बंद करून बसले होते.

“अगं मावशी, तू नको म्हणालीस ना?”

“पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं.”

“गेमला कसं कळणार ते?”

“एवढी चित्रं काढता येतात, आणि एवढं कळत नाही?”

धडा घेतला. पुढच्या खेळात कुणी काही दिलं तर ताबडतोब घ्यायचं, असं ठरवलं. तो पुढचा खेळ होता ‘लाँग लिव्ह द क्वीन’. 2012 चा आहे. चौदा वर्षांची राजकन्या, आई वारलेली, चाळीस आठवड्यांनी राज्याभिषेक. तोवर तिला जिवंत ठेवायचं. शिकायला विषय इतके की आपल्या शाळांच्या वेळापत्रकाची दया यावी: दरबारी शिष्टाचार, ससाणे पाळणं, जलसेनेचे डावपेच, विषांचं ज्ञान. मी तिला चांगल्या घरच्या मुलीप्रमाणे संगीत आणि संभाषणकला शिकवली. मग एक दिवस चॉकलेटांचा डबा भेट आला. खायचं की नाही? आलेली भेट नाकारायची नसते, हे मी नुकतंच शिकले होते. खाल्लं. पोरगी गेली. वर एक गोजिरवाणं चित्र आलं आणि पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरुवात. सासूबाई शेजारी बसून माळ ओढत होत्या. माळ न थांबवता म्हणाल्या, “कुणी दिलंय ते न बघता तोंडात टाकायचं नसतं.”

सासूबाईंचं वय ब्याऐंशी. ह्या खेळांमधलं घरातलं सगळ्यात मोठं डोकं त्यांचं निघालं, आणि ते कसं उघडकीला आलं, ते सांगायलाच हवं.

जपानमध्ये कोनामी कंपनीने 1994 साली ‘तोकिमेकी मेमोरियल’ नावाचा खेळ काढला. तो जपानी भाषेत असल्यामुळे मी काही खेळले नाही. भाच्याने जेवताना त्याची कथा सांगितली. शाळकरी मुलगा, तीन वर्षं, वर्गात पुष्कळ मुली. शेवटच्या दिवशी एका जुन्या झाडाखाली एखादीने येऊन प्रेमाची कबुली द्यावी, ह्यासाठी सगळा आटापिटा. पण खुबी अशी की तुम्ही एकीच्याच मागे लागलात आणि दुसरीकडे दुर्लक्ष केलंत, तर त्या दुसरीच्या नावापुढे एक बॉम्ब दिसू लागतो. वेळीच तिची समजूत काढली नाही तर तो फुटतो. आणि फुटला की नुसती तीच चिडत नाही, बाकीच्या सगळ्यांच्या मनातूनही तुम्ही उतरता.

“म्हणजे ती सगळ्यांना फोन करून सांगते,” सासूबाई म्हणाल्या.

“हो आजी, तसंच काहीसं.”

“मग सोपं आहे. ज्या गप्प आहेत त्यांच्याकडे आधी जायचं. बोलून दाखवणाऱ्यांचं काही नसतं.”

भाचा घास हातात धरून बघत राहिला. हे सूत्र पोरांनी तक्ते मांडून आणि रात्री जागवून शोधलं असेल. सासूबाईंनी ते आमटी वाढता वाढता सांगितलं, कारण त्यांनी हा खेळ चार नणंदा, तीन जावा आणि एक मानलेली बहीण एवढ्या पात्रांनिशी साठ वर्षं खेळलेला आहे, आणि त्यांच्या राज्यात एकही बॉम्ब फुटलेला नाही. सकाळी एकीच्या हळदीकुंकवाला जाऊन आलं की संध्याकाळी दुसरीकडे “सहज” डोकवायचं असतं, आणि दुसरीकडे सकाळचा उल्लेख करायचा नसतो. केलाच तर “तिथली गर्दी बाई नको झाली” एवढाच.

शिवाय त्यांच्याजवळ वही आहे. आहेराची. माझ्या लग्नाआधीपासूनची, लाल कापडी पुठ्ठ्याची. कुणी कुठल्या कार्यात काय दिलं आणि आपण त्यांना काय दिलं, ह्याच्या नोंदी. ‘स्टीलचा डबा, पाच लिटरचा, झाकण सैल.’ ‘पाकीट 51. आपण 101 दिले होते.’ ‘मुंजीला आले, न जेवता गेले.’ ह्या शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा आहेत. भाच्याने मला समजावलं होतं की ह्या खेळांच्या पोटात असेच ‘फ्लॅग’ असतात. तुम्ही पहिल्या प्रकरणात कुणाला काय बोललात त्याची गुपचूप नोंद होते आणि पाचव्या प्रकरणात ती नोंद दार उघडते किंवा बंद करते. तो हे समजावत होता तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर सासूबाईंची वही होती, आणि तिच्यात माझं पान कितवं असेल ह्याचा मी विचार करत होते.

काही खेळ ही नोंद गुपचूपही करत नाहीत. ‘द वॉकिंग डेड’ नावाचा टेलटेल कंपनीचा 2012 चा खेळ आहे. अमेरिकेत मेलेली माणसं उठून हिंडतायत आणि ली नावाच्या माणसाच्या गळ्यात क्लेमेंटाइन नावाची आठ वर्षांची पोर पडली आहे. आपण ली. काही बोललं की पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं येतात: हे क्लेमेंटाइनच्या लक्षात राहील. एवढंच. चांगल्या अर्थाने राहील की वाईट, ते नाही सांगत. मी तिला “जरा थांब हं” म्हटलं तरी कोपऱ्यात ती अक्षरं. घरात प्रेतं घुसत होती त्याची मला भीती वाटली नाही, तेवढी त्या ओळीची वाटली.

ह्याच खेळात एक प्रसंग असा की माणसं दहा आणि खायला सफरचंद, चीज-बिस्किटं असल्या चार वस्तू. कुणाला द्यायचं ते आपण ठरवायचं. तरुण खेळाडू म्हणे इथे फार अस्वस्थ होतात, लहानांना द्यावं की कामकरी माणसांना, वगैरे. मला प्रश्नच कळेना. चार वस्तू आणि दहा माणसं ही काय अडचण झाली? सफरचंदाच्या पातळ फोडी होतात. बिस्किटांचा चुरा करून त्यात ते चीज कालवता येतं. कुठे डाळीचं पीठ मिळालं असतं तर पिठलं टाकून अकराव्या माणसालाही बोलावलं असतं. मी सगळीकडे बटण दाबून बघितलं. चाकू नाही, पातेलं नाही, ‘पाणी वाढवा’ असा पर्याय नाही. एकाला अख्खं सफरचंद आणि बाकीच्यांनी तोंडाकडे बघायचं! नैतिक पेच वगैरे काही नाही, त्या घरात स्वयंपाकाचं बघणारं कुणी नव्हतं, एवढंच.

ह्यांना तो खेळ एकदाच दिला. उत्तर द्यायला मोजका वेळ असतो, पट्टी आक्रसत जाते, आणि ती संपली की तुम्ही गप्प राहिलात असं धरून गोष्ट पुढे जाते. गप्प राहणं हाही त्यांनी रीतसर पर्याय ठेवलाय, तीन टिंबं काढून. हे पहिल्या प्रश्नाला चष्मा शोधत होते. तीन टिंबं. दुसऱ्याला “हे काय विचारतोय?” म्हणेपर्यंत तीन टिंबं. एक बाई रडत होती, एक माणूस अंगावर धावून येत होता, दोघांनाही तीन टिंबं. आणि नवल म्हणजे कुणाचं काही अडलं नाही. रडणारी आपोआप थांबली. भांडणारा दमला. भाग संपल्यावर खेळ आकडे दाखवतो, तुमच्यासारखी निवड किती टक्के खेळाडूंनी केली. ह्यांची निवड एके ठिकाणी बहुमताशी जुळली होती. त्यांनी मला हाक मारून तो पडदा दाखवला. “बघ. घरात माझं म्हणणं चुकीचं असतं, पण जगात नाही.”

मला वाटलं होतं, वेळ मागे फिरवता आला तर माझ्यासारखीची सोय होईल. तसाही खेळ आहे. ‘लाइफ इज स्ट्रेंज’, 2015 चा. ऑरेगॉनमधलं एक गाव आणि मॅक्स नावाची छायाचित्रण शिकणारी मुलगी, जिला काळ थोडासा मागे नेता येतो. म्हणजे निवड करा, परिणाम बघा, नाही आवडला तर मागे या आणि दुसरी निवड करा. ऐकून मला भरून आलं. माझ्यासाठीच कुणीतरी केलं होतं.

प्रत्यक्षात घडलं ते असं. शाळेचा पहारेकरी साहेब एका भिडस्त मुलीला दमात घेतोय. मधे पडायचं, की लांबून त्याचा फोटो काढून ठेवायचा? मी मधे पडले. लगेच मॅक्स मनाशी म्हणू लागली की त्याचा राग ओढवून घेतला, फोटो काढायला हवा होता की काय. मागे गेले. फोटो काढला. आता ती मुलगी दुखावली आणि मॅक्स म्हणते, मधे पडायला हवं होतं का? पुन्हा मागे. ही मुलगी माझ्याहून वरताण निघाली. पहाटे पाणी यायच्या वेळेपर्यंत आम्ही दोघी त्या एका हिरवळीवर पुढे-मागे, पुढे-मागे करत होतो. पहारेकरी तेच बोलून बोलून शेवटी मला ओळखीचा वाटायला लागला.

तिच्या खोलीत एक कुंडी आहे. त्या रोपाचं नाव लिसा. पाणी घालायचं का, असं दिसलं की मी घालत गेले. कुंडी दिसली आणि पाणी घातलं नाही, असं आपल्याकडे होत नाही, त्याला विचार लागत नाही. एके दिवशी लिसा मेलेली. पाणी जास्त झालं. इतका गहन खेळ, काळाचं चक्र, माणसांचे जीव, वादळ, आणि माझ्या हातून घडलेलं पहिलं ठोस पाप म्हणजे झाडाला पाणी घालणं.

“खाली भोक नसेल कुंडीला,” सासूबाई म्हणाल्या, “मुळं कुजली.”

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. ह्या खेळांत मी फार सज्जन असते. खोटं बोलत नाही. कुणाची डायरी उघडी दिसली तरी वाचत नाही. एकदा एका खेळात म्हाताऱ्या दुकानदाराने जास्त सुटे पैसे दिले, ते मी तीन पडदे मागे जाऊन परत केले. नेमका त्याच वेळी फोन वाजला. मामेबहीण. रविवारी तिच्याकडे सत्यनारायण. “अगं, नेमकं त्याच दिवशी ह्यांना डॉक्टरकडे न्यायचंय,” मी म्हटलं. “रविवारी?” “हो ना, तेच तर. रविवारीच बसतात हे डॉक्टर.” फोन ठेवला आणि दुकानदाराचे आभार स्वीकारले. आतून “मला काय झालंय?” असा ह्यांचा आवाज आला. मी तीन टिंबं दिली.

माझ्या सज्जनपणाला पहिलं भगदाड पाडलं ते मोबाइलवरच्या एका ॲपने. तिथे गोष्टी फुकट असतात, पण निवडींना हिरे लागतात, आणि हिरे पैसे भरून मिळतात. राजवाड्यातल्या समारंभाला कोणते कपडे घालणार? झगझगीत गाऊनला हिरे. सध्याचेच कपडे, फुकट. आजारी मैत्रिणीजवळ रात्रभर बसणार? हिरे. ‘दमलेय गं, निघते’, फुकट. राजपुत्राशी बागेत दोन शब्द? हिरे. माझी आई म्हणायची, चांगुलपणाला पैसे पडत नाहीत. तिच्या वेळी पडत नसतील. मी एक रुपयाही न भरण्याचा निश्चय केला होता, त्यामुळे माझी नायिका प्रत्येक मेजवानीला पहिल्या दिवसाच्याच कपड्यांत जाऊ लागली, मरणोन्मुख माणसांना “बरं, येते” म्हणून निघू लागली, आणि ज्याने तिच्यासाठी राज्य सोडलं त्याला दारातूनच कटवू लागली. एवढी आपमतलबी, कोरडी बाई मी कथावाङ्मयात दुसरी पाहिली नाही. राजपुत्र तरीही तिच्यावर मरत होता. पुरुषांचं मला कळतच नाही.

पण खरा कडेलोट झाला तो काटकसरीनेच, आणि तोही विकत घेतलेल्या खेळात. ‘डेट्रॉइट: बिकम ह्यूमन’ हा 2018 चा खेळ. भाच्याच्या घरी त्याच्या यंत्रावर तो खेळले. प्रत्येक प्रकरण संपलं की त्या प्रकरणाचा नकाशा समोर येतो. तुम्ही गेलात ती वाट उजळलेली, आणि न गेलेल्या सगळ्या वाटा कुलूपबंद चौकटी. माझी सज्जनपणाची एक बारीकशी उजळ रेघ, आणि भोवती कुलपांचं रान.

“हे सगळं काय आहे?”

“ते तू पाहिलं नाहीस, मावशी. तू चांगलं वागलीस ना, म्हणून.”

“आणि वाईट वागलं तर दिसेल?”

“वेगळं दिसेल.”

“पण पैसे सगळ्याचे घेतलेत?”

“हो, म्हणजे, गेम तर अख्खाच घेतला ना.”

तिथे माझ्यात काहीतरी मोडलं. थाळी मागवून निम्म्या वाट्या तशाच ठेवून उठणं आमच्या घराण्यात नाही. त्या दिवसापासून मी पैसे वसूल करायला लागले. घरी येऊन जुने खेळ पुन्हा उघडले आणि ज्या ज्या माणसाला आधी वाचवलं होतं त्याला मरू दिलं. विश्वासघात केले. चोऱ्या केल्या. डायऱ्या तर सगळ्या वाचल्या, त्यात काही नव्हतं. म्हाताऱ्या दुकानदाराचे पैसे बुडवले. प्रत्येक दुष्कृत्याआधी ‘सेव्ह’ करायचं, दुष्कृत्य करायचं, परिणाम नीट वाचायचा आणि ‘लोड’ करून पुन्हा सोज्वळ व्हायचं. दुपारी जेवणानंतर तासभर पाप आणि चहाच्या वेळेला पुन्हा पहिल्यासारखी. हे सगळं इतकं शिस्तीत चाललं होतं की बँकेतले दिवस आठवले.

मग ‘अंडरटेल’ आला. तो काही व्हिज्युअल नॉव्हेल नव्हे, असं भाचा दहादा बजावतो, पण निवडी आहेत म्हणजे माझ्या लेखी तेच. 2015 चा. जमिनीखाली राक्षसांचं जग आहे आणि तिथे पडलेल्या लेकराला टोरिएल नावाची शेळीसारख्या तोंडाची एक प्रेमळ बाई घरी नेते. हात धरून चालवते. पाय भाजून देते, म्हणजे बटरस्कॉच-दालचिनीचा पाय, खायचा. आणि लेकरू बाहेर निघालं की दार अडवून उभी राहते. तिला समजावूनही जाता येतं आणि मारूनही. समजावून मी आधी जाऊन आले होते. मारलं तर काय होतं ते बघायचं राहिलं होतं. पैसे सगळ्याचे घेतलेत.

बघितलं. फार वाईट वाटलं. पदराने डोळे पुसले, खेळ बंद केला, पुन्हा उघडला, मागचं ‘लोड’ केलं आणि ह्या खेपेला तिला समजावून, मिठी मारून, अगदी सुनेसारखी निरोप घेऊन बाहेर पडले. पुढे एक पिवळं फूल भेटतं, डोळे-तोंड असलेलं. ते हसलं आणि म्हणालं की तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. आधी मारलंस, मग पस्तावून मागे आलीस.

मी लॅपटॉपचं झाकण खाडकन मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. सासूबाईंनी विचारलं, “काय गं, चेहरा असा का?” मी थोडक्यात सांगितलं. मेलेलं माणूस परत आणलं, सगळं निस्तरलं, तरी ह्या मेल्या फुलाला कसं कळलं?

“वहीत लिहिलं असणार,” त्या म्हणाल्या. “खोडलं तरी दिसतंच.”

मी एकटी असं काहीतरी खेळत बसण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बघावं, म्हणून भाच्याने एका रविवारी आमच्या टीव्हीवर ‘बँडरस्नॅच’ लावला. (मामेबहिणीकडे सत्यनारायण चालू होता.) 2018 च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सवर आलेला चित्रपट. काळ 1984 चा, एक इंग्रज तरुण असल्याच फाटे फुटणाऱ्या कादंबरीवरून खेळ बनवतोय. त्याने काय करावं ते प्रेक्षकांनी रिमोटने ठरवायचं. मुदत दहा सेकंद. भाच्याने रिमोट मानाने सासूबाईंच्या हातात दिला.

पहिला प्रश्न न्याहारीचा. बापाने दोन खोकी पुढे धरली. शुगर पफ्स की फ्रॉस्टीज?

“दोन्ही गोडच दिसतायत,” सासूबाई म्हणाल्या. “सकाळी उठल्या उठल्या गोड?”

“पोहे नाहीत का?” हे.

“काका, दोनच ऑप्शन आहेत. लवकर.”

“लवकर काय? उपाशीपोटी घराबाहेर पाठवणार का त्याला?”

“आई, तुम्ही सांगा,” मी म्हटलं.

“मला काय विचारतेस? खाणार तो. त्याला विचार.”

पट्टी संपली. मुलाने त्याचं तो काहीतरी खाल्लं आणि बसमध्ये जाऊन बसला. तिथे दोन कॅसेटी पुढे आल्या, कुठली ऐकायची? ह्यांनी पहिलीचं नाव वाचायला चष्मा काढला. मी म्हटलं, ज्यात शब्द कमी असतील ती. सासूबाईंनी रिमोट माझ्याकडे दिला, मी ह्यांच्याकडे दिला, ह्यांनी “मला यातलं कळत नाही” म्हणून भाच्याकडे दिला, भाचा म्हणाला “तुमच्यासाठी लावलाय, तुम्हीच ठरवा” आणि पुन्हा सासूबाईंकडे दिला. तोवर बस पोचली होती. पुढे त्या पोराला नोकरी घ्यायची होती की नव्हती, डॉक्टरकडे जायचं होतं की नव्हतं, प्रत्येक वेळी रिमोट एक प्रदक्षिणा घालून आला. खालची पट्टी येत होती, आक्रसत होती, जात होती. चित्रपट आपल्या वाटेने पुढे जात राहिला आणि एका जागी संपला.

“चांगला होता,” हे उठता उठता म्हणाले. “फक्त मधेमधे खाली काहीतरी यायचं, त्याने लक्ष विचलित होतं.”

भाचा कपाळाला हात लावून बसला होता. सासूबाईंनी रिमोट त्याच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, “त्या बापाने शेवटी खाल्लं का रे काही, की नुसतं विचारतच बसला?”